धर्माजी पावडरवाला

आंबेखारला जसा भाताचा हंगाम असे, तसाच हिवतापाचाही असे. भात कापून खळ्यावर आलं की घराघरांतून माणसं गोधड्या ओढून पडायची. गाव खाडीच्या काठाला. बांधाच्या एका अंगाला भरतीचं पाणी, दुसऱ्या अंगाला खाऱ्या मातीतली भातशेती, आणि मधल्या खड्ड्याखळग्यांत डास. ताप एक दिवस सोडून यायचा, त्यामुळे लोकांनी त्याच्याशी जमवून घेतलं होतं. कोणाला बोलवायला गेलं तर घरातली बाई म्हणायची, "आज त्यांची पाळी हाय, उद्या या." लग्नाची तारीख काढतानासुद्धा नवऱ्यामुलाची पाळी कधी येते ते बघायचे. मुहूर्तावर नवरा थडथडत उभा राहिला तर बाशिंग पडायचं.

स्वातंत्र्य येऊन सातआठ वर्षं झाली होती. आंबेखारला ते पहिल्यांदा आलं ते खाकी कपड्यांत, पाठीवर पंप घेऊन. चारपाच माणसं, पावडरीची पोती आणि त्यांच्यावर देखरेख करणारे दिनानाथसाहेब, अलिबागच्या कचेरीतले. साहेब सडपातळ होते, टोपी घालत आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत. सरकार प्रत्येक घराच्या भिंतींवर डीडीटी मारणार, त्यावर बसलेला डास मरणार आणि ताप जाणार, असं त्यांनी देवळासमोर सांगितलं.

"ताप मानसाला येतो," भागोजी म्हणाला. "भिंतीला औषध कशाला?"

भागोजी हा गावातला शंका काढणारा माणूस. प्रत्येक गावात असा एक असतो आणि गाव त्याच्यावर अवलंबून असतं. त्याने शंका काढल्यावर इतरांनाही सुचू लागल्या. देवघराच्या भिंतीचं काय? चुलीचं काय? बाळंतिणीच्या खोलीचं काय? ही पावडर विषारी तर न्हाय?

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली, आतली पांढरी पावडर चिमटीत धरली आणि सगळ्यांच्या देखत जिभेवर ठेवली. मिटक्या मारल्या.

"आता मी मेलो का?" त्यांनी विचारलं.

मेले नव्हते. लोक बराच वेळ बघत राहिले, तरी मेले नाहीत.

तेव्हा गर्दीतून धर्माजी पुढे झाला. म्हणाला, "साहेब, पहिलं माज्या घरात मारा."

धर्माजीचं आंबेखारात वाईट चाललं नव्हतं. शेत होतं, बैलजोडी होती, बायको आवडाबाई कामाला वाघीण होती आणि केसर नावाची लग्नाची मुलगी होती. पण त्याला कोणी काही विचारत नसे. गावकीच्या बैठकीत तो बोलायला लागला की लोकांना तंबाखूची आठवण व्हायची. त्या दिवशी साहेबांनी सर्वांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अशी माणसं पाहिजेत." धर्माजीला तो हात पुढे कितीतरी दिवस खांद्यावरच असल्यासारखा वाटत होता.

त्याच्या घरापासून फवारणी सुरू झाली. भिंतीवर पांढरट ओघळ उठले, दारावर तारीख लिहिली गेली. आणि खरं ते सांगितलं पाहिजे : पुढच्या हंगामात ताप आला नाही. एखाददुसऱ्याला आला असेल, पण गोधड्या घड्या करूनच राहिल्या. भागोजीची बायको रंगू, जी दरवर्षी दिवाळी अंथरुणात काढायची, तिने त्या वर्षी करंज्या केल्या. भागोजीने गुपचूप चार खाल्ल्या आणि शंका काढली नाही.

साहेब पुन्हा आले तेव्हा त्यांनी उरलेलं एक पोतं धर्माजीच्या पडवीत ठेवलं. "पुढच्या फेरीपर्यंत सांभाळा," ते म्हणाले. "तोंड बांधून ठेवा, कोणाला हात लावू देऊ नका. आणि ही टोपी घ्या. आता तुम्ही आमचे माणूस."

धर्माजीने टोपी घातली. हात लावू नका, हे त्याने इतरांसाठी आहे असं समजून घेतलं.

मग त्याचं चालू झालं. जे औषध हिवतापासारख्या रोगाला हरवतं, त्याच्यापुढे बाकीच्या रोगांची काय बिशाद, असा त्याचा हिशेब होता. कोणाच्या पोरीच्या डोक्यात उवा झाल्या, धर्माजीने पावडर दिली. कोणाच्या बाजेत ढेकूण झाले, पावडर दिली. कणगीतल्या भाताला कीड लागली, दिली. सुकत घातलेल्या बोंबलांवर माश्या बसायला लागल्या, तेव्हा तो स्वतः रुमालात पावडर बांधून बोंबील टांगलेल्या दोरांच्या वलांडीखालून फिरला, आणि वरच्या बोंबलांवर हळद शिंपडावी तशी शिंपडत गेला. माश्या टपटप पडल्या. गावाने तोंडात बोटं घातली. बाजेतले ढेकूण मात्र थोडे दिवस गप्प बसून पुन्हा उठले, आणि पूर्वीपेक्षा तरतरीत उठले. त्यावर धर्माजीने दुप्पट पावडर सांगितली.

कोणी घाबरलं की तो साहेबांसारखाच करायचा. चिमटीत पावडर घ्यायची, जिभेवर ठेवायची, विचारायचं, "मेलो का?" साहेब वर्षातून दोनदाच यायचे, पडवीत नवं पोतं ठेवून जायचे. धर्माजी तर गावातच होता. लग्नात, बारशात, देवळात कीर्तनाआधी, कोणी न विचारतासुद्धा तो चिमूट खाऊन दाखवायचा. बैठकीत आता त्याला पहिल्यांदा बोलायला लावत. लांबच्या गावचे लोक बाजाराला जाताना वाट वाकडी करून त्याला बघायला येऊ लागले. लोक त्याला पावडरवाला म्हणायला लागले आणि त्याला ते आवडलं.

आवडाबाईला काही आवडत नव्हतं. पहिल्यांदा तिच्या कोंबड्या गेल्या. घरात मरून पडलेली झुरळं त्यांनी वेचून खाल्ली, मग अंगणात गोल गोल फिरल्या, मान टाकली आणि मेल्या.

"अवो, त्या पावडरीनं मेल्या," ती म्हणाली.

"कोंबडीला अक्कल नसते," धर्माजी म्हणाला. "मानसाची गोष्ट निराळी हाय."

मग केसरचं सुरू झालं. तिचे केस लांब आणि दाट होते. त्यात उवा राहू नयेत म्हणून धर्माजीने खोबरेल तेलात पावडर कालवून ते आवडाबाईला तिच्या डोक्याला चोळायला लावलं. एकदा नाही, दर आठवड्याला. केसरचं डोकं दुखायला लागलं. जेवण समोर आलं की मळमळायचं. डोक्यात खवले धरले. भात वैरताना मूठ थरथरायची आणि दाणे चुलीत पडायचे. आवडाबाईचे हातही भाकरी थापताना थरथरत, आणि भाकरीला कडेला नक्षी उठायची.

धर्माजीचं स्वतःचं तर सगळ्यांपेक्षा पुढे गेलं होतं. ओठ बधिर झाले होते. कालवण तोंडात घेतलं की ते गरम आहे की गार एवढंच कळायचं. बशीतून चहा प्यायचा तर निम्मा मिशीला, निम्मा धोतराला.

"आता बाजारात मासलीच चांगली येत न्हाय," तो म्हणायचा. "चव म्हनून राहिली न्हाय."

"अवो, मासलीला चव हाय," आवडाबाई म्हणाली. "तुमाला न्हाय. आणि ही थरथर बगा, तिघांनाबी."

धर्माजीने आपला हात समोर धरून बघितला. तो थरथरत होता. मग त्याचा चेहरा उजळला.

"हिवताप हाय," तो म्हणाला. "लपून परत आलाय. साहेब बोललेच होते, गाफील राहू नका." आणि त्याने त्याच दिवशी घरात पुन्हा पावडर मारली. आता कणगीवर, उतरंडीवर, अंथरुणांवरसुद्धा मारली.

त्या वर्षीच्या माघात केसरला बघायला उरणकडचे पाहुणे आले. दयाराम म्हणून मिठागरवाले होते, त्यांची बायको कृष्णाबाई आणि मुलगा. करंजाहून तरीने रेवसला उतरून, बैलगाडी करून आले. धर्माजीने टोपी घातली होती. पाहुण्यांना बसायला घातलेल्या घोंगडीवर त्याने आधीच पावडर भुरभुरली होती, त्यामुळे ते उठले तेव्हा कृष्णाबाईचं लुगडं मागून पांढरं झालं होतं.

केसर चहा घेऊन आली. तिच्या हातातल्या कपबशा किणकिणत होत्या. पहिल्यांदा पाहुण्यांना वाटलं, मुलगी लाजते. मग आवडाबाईने पोह्यांची ताटली आणली, तीही थरथरत. मग धर्माजीने बशी उचलली आणि चहा घोंगडीवर सांडला.

कृष्णाबाईने तिघांकडे बघून घेतलं. बाई मिठागरावर बायका कामाला लावणारी होती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"घरात सगल्यांनाच थंडी वाजते का?" तिने विचारलं.

"हिवतापाचं काय ते उरलंसुरलं कापरं," धर्माजी म्हणाला. "पण आता भ्यायचं कारन न्हाय, आपल्या घरात औषध हाय." आणि त्याने सवयीने पडवीतून पावडरीची डबी आणली, चिमूट भरली, जिभेवर ठेवली. "मेलो का?" तो म्हणाला. त्याने डबी दयारामपुढे धरली. "घ्या, तुमीपन चाखा."

दयाराम सभ्य माणूस होता. पाहुणचाराला नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने हात पुढे केला. कृष्णाबाईने तो मनगटाला धरून परत मांडीवर ठेवला.

"आमी घरून खाऊन आलोय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण घराला कापरं आहे. असलं कापरं पुढच्या पिढीत उतरतं.

केसरने परसात जाऊन विहिरीवर डोकं धुतलं, राखेने आणि रिठ्याने, पुन्हा पुन्हा. आवडाबाई पाणी ओढून देत होती. धर्माजी दारात उभा होता. "साहेबांना घेऊन येतो," तो म्हणाला. "साहेब स्वतः उरणला येऊन सांगतील, पावडरीनं काय होत न्हाय म्हनून. मग बघू कोन कापरं म्हनतो."

तो अलिबागला गेला. रविवार असल्यामुळे कचेरी बंद होती. विचारत विचारत साहेबांच्या घरी पोचला. घर कौलारू, पुढे व्हरांडा, मागे नारळी. दिनानाथसाहेब नुकतेच कुठल्यातरी गावची फवारणी बघून आले होते. धर्माजीने बघितलं तर साहेब मागच्या अंगणात नुसत्या पंच्यावर उभे होते, आणि त्यांची बायको लांबून त्यांच्यावर तांब्याने पाणी ओतत होती. खाकी कपडे एका बादलीत वेगळे भिजत पडले होते.

"आधी साबण लावा," बाई म्हणत होत्या. "कोपरापर्यंत. मग घरात या. पोरं आहेत."

धर्माजीला बाईंनी व्हरांड्यात बसवलं आणि चहा दिला. त्याचा कप किणकिणायला लागला. बाई बघत राहिल्या.

"बरं नाही का तुम्हाला?"

"बरं हाय," धर्माजी म्हणाला. त्याला साहेबांच्या घरात बसून आपली योग्यता सांगावीशी वाटली. "मी बी साहेबांसारखाच. पावडर खाऊन दावतो लोकांना. साहेब वर्षातून दोनदा खातात, मी रोज खातो."

बाईंच्या हातातली साखरेची वाटी तशीच राहिली.

"काय खाता?"

"पावडर. साहेबांच्या पुडीत असते तीच."

"अहो, ती पुडी मी बांधून देते," बाई म्हणाल्या. "तांदळाची पिठी असते ती. थोडी साखर घालते, त्यांना फिकं चालत नाही."

साहेब अंग पुसत बाहेर आले तेव्हा धर्माजी टोपी हातात घेऊन बसला होता. साहेबांना काय झालं ते बायकोच्या तोंडावरूनच कळलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, हात लावू देऊ नका," साहेब म्हणाले.

"खिशातून काढून खाल्लीत, साहेब. माज्यासमोर."

"मग काय करणार होतो? लोक भिंतीला हात लावू देईनात. औषध भिंतीचं आहे, धर्माजी. भिंतीवर मारायचं, आणि सांभाळून. पण हे कितीही समजावलं तरी कोणी ऐकतं का? पिठी खाल्ली की ऐकतात." ते बाकावर टेकले. त्यांचा आवाज खाली आला. "आणि ताप गेला की नाही? सांगा, गेला की नाही?"

"गेला," धर्माजी म्हणाला. ते खोटं नव्हतं.

साहेबांनी त्याला दवाखान्यात नेऊन दाखवायचं म्हटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. धर्माजीने खांदा खाली केला आणि निघाला.

घरी आल्यावर त्याने आवडाबाईला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "साखर घालून?" एवढंच तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी धर्माजी शेतावर गेल्यावर तिने आणि केसरने तोंडाला फडकी बांधली, ते पोतं पडवीतून ओढत बांधापर्यंत नेलं, आणि उघाडीच्या आतल्या डबक्यात उपडं केलं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते बंद होतं आणि आत मोठं डबकं साचतं. उधाणाबरोबर आत आलेली मासळी तिथे राहते. आवडाबाईच्या मनात एवढंच होतं की पावडर पाण्यात गेली म्हणजे गेली. घरात झाडू मारून, भांडी घासून, अंथरुणं उन्हात टाकून दोघी दमून झोपल्या.

सकाळी गावात गलका झाला. डबक्यात मासळी वर आली होती. बोय, कोळंबी, निवट्या, खरबे, सगळं उलटं होऊन तरंगत होतं. काही गोल गोल फिरत होती. जाळं नको, गळ नको, नुसतं टोपलं बुडवायचं. आंबेखारात असा दिवस कधी आला नव्हता. देवीने दिलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि लगेच सगळ्यांनी ते धरलं. बायका टोपल्या घेऊन पळाल्या. भागोजीने दोन टोपल्या भरल्या. आपण शंका काढत होतो पण देवी दयाळू आहे, असं तो म्हणत होता.

आवडाबाई बांधावर आली आणि तिथेच थांबली. तिने धर्माजीचा हात धरला. "मी टाकली," ती म्हणाली. "सगली, हितंच."

धर्माजी डबक्याच्या काठाला गेला. गावात आता त्याला कोणीही गप्प करत नसे, त्यामुळे तो बोलू लागल्याबरोबर सगळे थांबले.

"ही मासली खाऊ नका," तो म्हणाला. "पावडरीनं मेलीय. इख हाय."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग भागोजी म्हणाला, "धर्मा, काल परवापर्यंत तूच खात व्हतास. पावडरीनं मानसाला काय होत न्हाय, हे आमाला कोनी शिकवलं?"

"मी शिकवलं."

"मग?"

"मग ते खोटं व्हतं."

"साहेबबी खातात."

धर्माजीने बांधावर उभ्या असलेल्या सगळ्या गावाकडे बघितलं. त्याने म्हटलं असतं की बायकोने चुकून दुसरं काही टाकलं, आणि गप्प बसला असता, तर त्याची टोपी डोक्यावर राहिली असती.

"साहेब पिठी खातात," तो म्हणाला. "तांदलाची. साखर घालून. त्यांची बायको पुडी बांधून देते. मी डोल्यांनी बघून आलोय."

"म्हंजे इतकी वरसं," भागोजी सावकाश म्हणाला, "खरी पावडर तू एकट्यानंच खाल्लीस?"

"व्हय."

आधी मागच्या बायका हसल्या. मग बाप्ये हसले. भागोजी टोपलं खाली ठेवून, पोट धरून हसला. धर्माजी उभा राहिला. हसू थांबलं की पुन्हा कोणीतरी "साखर घालून" म्हणायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. हसता हसता लोकांनी टोपल्या उचलल्या. इतकी मासळी कोण टाकणार?

तेव्हा केसर पुढे आली. तिने पदर डोक्यावरून खाली घेतला. तिचे केस जागोजाग गेले होते आणि मधे खवले धरलेली कातडी दिसत होती. ती रंगूसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. केसरने ते थांबवायचा प्रयत्न केला, आणि ते थांबत नाहीत हे रंगूला दिसलं.

"काकू, माज्या डोक्याला ते तेल लावीत व्हते," केसर म्हणाली. "मी खाल्लं बी न्हाय."

रंगूने तिच्या हातांकडे बघितलं, मग आपल्या टोपलीकडे. भागोजी काही बोलायच्या आत तिने टोपली बांधाच्या पलीकडे उपडी केली. मग दुसरीही. बाकीच्यांनी हळूहळू केलं. सगळ्यांनी केलं असं नाही. चारदोन घरांत त्या दिवशी कालवण झालं. ती घरं पुढचे दोनतीन दिवस ओकत होती, आणि धर्माजीची नजर लागली असं म्हणत होती.

उघाडी उघडून, डबकं खाडीला सोडून गावाने ते प्रकरण मिटवलं. खाडी मोठी आहे, असं भागोजी म्हणाला, आणि या वेळी त्याला शंका आली नाही.

केसरचे केस पुढच्या पावसाळ्यात परत यायला लागले. आवडाबाईच्या भाकऱ्या गोल झाल्या. धर्माजीचा उजवा हात मात्र पुरता थांबला नाही. बैलाला जू बांधताना त्याला आता डावा हात मदतीला घ्यावा लागे. दिनानाथसाहेबांना, जिल्ह्यातला ताप उतरवला म्हणून, बढती मिळाली आणि ते ठाण्याला गेले.

त्यांच्या जागी नवा माणूस आला, तरुण, चष्म्यातला. फवारणीवाले आंबेखारात आले तेव्हा केसर दारात उभी होती. आडवी उभी होती.

"मारायचं तर मारा," ती म्हणाली. "ताप आमालाबी नको. पन भांडी, कणगी, अंथरुनं बाहेर गेल्याशिवाय आत यायचं न्हाय. आणि पोतं हितं ठेवायचं न्हाय. सोबत न्यायचं."

नव्या माणसाने कागद चाळला. "इथे आमचे एक धर्माजी म्हणून आहेत ना?"

"हायेत," केसर म्हणाली. "बाबा, ती उतरंड बाहेर घ्या."

धर्माजी आतून मडकं घेऊन आला. ते पोटाशी धरून त्याने अंगणात नेऊन ठेवलं, मग दुसरं आणायला आत गेला. बाहेर पंपवाले पंप खाली ठेवून सावलीला बसले होते.